खानदेशच्या उन्हात सँड बोआला केवढी पेटी लागते?

ताई, तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. मुलगा पुण्याला शिकतो. तिथून त्याने केनियन सँड बोआचं पिल्लू आणलं आणि परीक्षा होईपर्यंत ते चोपड्याला तुमच्याकडे ठेवलं आहे. माशांच्या दुकानदाराने सांगितलं की दीड फुटी काचेची टाकी पुष्कळ झाली, हा साप वाढतच नाही. मुलगा तीन फुटीवर अडून बसला आहे. आणि एका व्हिडिओत तुम्ही ऐकलं की मोठ्या टाकीत पिल्लू घाबरतं, खाणं सोडतं. नर आहे की मादी ते माहीत नाही. सध्या पिल्लू वरच्या मजल्यावरच्या खोलीत आहे, डोक्यावर स्लॅब.

मुलाचं ऐका. ९० सें.मी. लांब, ४५ रुंद आणि ४५ उंच अशी पेटी एकदाच घ्या, ती शेवटपर्यंत पुरेल. हा साप नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं सहज जगतो, त्याहून जास्तही जगतो, तेव्हा दर दोन वर्षांनी टाक्या बदलण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. मात्र मापाएवढीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे पेटी कुठे ठेवणार आणि तिच्यात किती खोल माती भरणार. चोपडा, जळगाव, भुसावळ, धुळे या पट्ट्यात बिळात राहणाऱ्या सापाची पेटी मी सापाच्या लांबीवरून ठरवत नाही. मे महिन्यात दुपारी चार वाजता तिचं थंड टोक किती थंड राहतं, यावरून ठरवतो. ते कसं, हे सविस्तर सांगतो.

त्याआधी कागदाचं काम. केनियन सँड बोआ आपल्या देशातला नाही. इजिप्त, सुदानपासून सोमालिया, केनिया, टांझानियाच्या उत्तरेपर्यंतच्या कोरड्या मुलखातला तो साप. सायटिस या वन्य जीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये तो येतो, आणि वन्यजीव संरक्षण कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाल्यावर असे परदेशी प्राणी पाळणाऱ्याला त्यांची नोंद करणं बंधनकारक झालं आहे. २०२४ च्या नियमांप्रमाणे ही नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर होते आणि प्राणी हाती आल्यापासून ३० दिवसांत ती करायची असते. मुलाने केली आहे का ते आजच विचारा, आणि ज्याच्याकडून घेतला त्याच्याकडचे कागदही मागून घ्या.

दुसरी गोष्ट याहून गंभीर. पिल्लू खरोखर केनियन आहे याची खात्री करा. पिवळसर केशरी अंगावर गडद तपकिरी, एकमेकांत मिसळलेले मोठे ठिपके आणि पोट पांढरट, असा तो दिसतो. आपल्या रानातली दुरक्या घोणस आणि मांडूळ ही याच कुळातली भावंडं. दोघांनाही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. ती घरात ठेवणं हा गुन्हा आहे, मग प्रेमाने ठेवा की कशानेही. मांडूळाने गुप्तधन सापडतं या खोट्या समजुतीपायी आपल्या भागात किती मांडुळं पकडली, विकली आणि हाल करून मारली गेली, ते पेपर वाचणाऱ्या कुणालाही माहीत आहे. या सापाच्या अंगात धन, औषध, जादू असलं काही नाही. तो शेतातले उंदीर खातो, एवढा त्याचा उपकार पुरेसा आहे. तुमच्याकडचं पिल्लू आपल्या मातीतलं निघालं तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा, स्वतः कुठे सोडायला नेऊ नका. आणि शेतात दिसलेला साप दुरक्या घोणस आहे असं समजून कधी उचलू नका. खरी घोणस तशीच जाड, ठिपक्यांची आणि अतिशय विषारी असते.

तुमचं पिल्लू केनियन आहे असं धरून पुढे लिहितो.

जन्मतः हे पिल्लू वीतभर, साधारण २० सें.मी. असतं. नर वाढून ३५ ते ४५ सें.मी. वर थांबतो. मादी ६० ते ७५ पर्यंत जाते, क्वचित ८० ओलांडते, आणि नराच्या कितीतरी पट जड होते. म्हणजे ‘वाढतच नाही’ हे दुकानदाराचं म्हणणं नराबद्दल थोडंफार खरं, मादीबद्दल मुळीच नाही. ओळखायचं तर शेपटीच्या मुळाशी गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना बघा. तिथे नखासारखे बारीक काटे असतात. नरात ते ठळक दिसतात आणि शेपूटही लांबट असते. मादीत काटे जवळजवळ लपलेले आणि शेपूट आखूड. पिल्लात चूक होऊ शकते, म्हणून वर्षभराचं झाल्यावर जाणत्याला दाखवा. तोवर मादी धरूनच पेटी घ्या.

साप पाळणाऱ्यांत एक हिशेब सांगितला जातो. पेटीची लांबी निदान सापाएवढी, रुंदी त्याच्या निम्मी. साप पूर्ण लांब होऊन पडू शकला पाहिजे, हा त्यामागचा विचार योग्य आहे. पूर्वी म्हणत की साप वेटोळं करूनच बसतो, लांब कशाला व्हायचंय. पण साप अंग ताणून पडतो, खाल्लेलं पुढे सरकवायला आणि स्नायू राखायला त्याला ते लागतं. या हिशेबाने ७५ सें.मी.च्या मादीला ७५ बाय ३८ ची जागा लागते. ९० बाय ४५ मध्ये ती बसते आणि थोडी मोकळीकही राहते.

पण हाच हिशेब नराला लावला की फसतो. ४० सें.मी.च्या नराला ४० बाय २० ची पेटी! अंग मावेल, जगणं मावणार नाही. सापाला स्वतःच्या शरीरात ऊब तयार करता येत नाही. पचवायला तो उबेकडे जातो, विसाव्याला गारव्याकडे. या जातीला एका टोकाला दिव्याखालची जमीन ३५ अंशांच्या आसपास आणि दुसरं टोक २५ ते २७ अंश असं मिळालं पाहिजे. चाळीस सेंटीमीटरच्या पेटीत हा फरक राहतच नाही. एका टोकाला ऊब दिली की अर्ध्या तासात सगळीच पेटी तापते. हवेला आणि मातीला मध्ये अंतर लागतं. माझ्या अनुभवात ६० सें.मी.च्या आत हा उतार नीट धरत नाही, आणि आपल्या उन्हाळ्यात ७५ च्या पुढेच तो भरवशाचा होतो. म्हणून नर निघाला तरी ९० ची पेटी वाया जात नाही. फारच जागेची अडचण असेल तर नराला ७५ बाय ४५ चालेल, पण त्याखाली उतरू नका.

दुकानदार टाकी लिटरमध्ये किंवा नुसत्या लांबीत सांगतात. बिळातल्या सापासाठी दोन्ही मापं अपुरी आहेत. दोन फूट उंच आणि एक फूट रुंद टाकीत पाणी भरपूर मावतं, सापाला मात्र जमीन तेवढीच मिळते. हा साप झाडावर चढणारा नाही. तळाचं क्षेत्रफळ बघा आणि मातीची खोली बघा. मग उंची ४५ का म्हणालो? दिव्यासाठी. मातीचा थर १० ते १५ सें.मी. गेला की वर ३० उरतात, आणि दिवा जमिनीपासून पंचवीस-तीस सेंटीमीटर दूर असावा लागतो. तीस उंचीची टाकी घेतली तर हिवाळ्यात दिवा सापाच्या पाठीवर येतो.

आता उन्हाळा. केनियन साप म्हटलं की लोकांना वाटतं, वाळवंटातला आहे, आपलं ऊन त्याला काय करणार! वाळवंटातला असला तरी तो उन्हात राहत नाही. दुपारी वाळूचा पृष्ठभाग तापलेला असताना तो खाली गारव्यात पडून असतो आणि रात्री वर येतो. त्याचे डोळे डोक्याच्या वरच्या अंगाला आहेत, अंग पुरून फक्त डोळे बाहेर ठेवून तो भक्ष्याची वाट बघतो. त्याची सगळी घडण वरच्या तापाखाली बुडून राहण्याची आहे. पेटीत आपण त्याचं खाली जाणं काढून घेतलं तर वाळवंटातला साप चोपड्याच्या मे महिन्यात मरतो. ४५ अंशांच्या दिवसात वरच्या मजल्यावरची स्लॅबखालची खोली दुपारी चाळिशीपर्यंत जाते आणि मध्यरात्रीपर्यंत उतरत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्या खोलीत तीन फुटीच काय, सहा फुटी पेटी ठेवली तरी तिच्यात थंड टोक असणार नाही. चाळिशीत अडकलेला साप काही तासांत दगावू शकतो.

म्हणून पहिलं काम, पेटी खाली आणा. तळमजल्यावरची आतली खोली, जिच्या भिंतीला पश्चिमेचं ऊन लागत नाही, अशी निवडा. जुनं धाब्याचं घर शिल्लक असेल तर त्याहून चांगली जागा नाही. मातीच्या जाड भिंती आणि धाबं यांच्या आत दुपार बाहेरच राहते. पेटी फडताळाच्या वरच्या कप्प्यात नको, जमिनीलगत असू द्या. एकाच खोलीत जमिनीजवळ आणि डोक्याच्या उंचीवर दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो. खिडकीसमोर काचेची टाकी कधीच ठेवू नका. ऊन थेट आलं तर ती आतल्या आत भट्टीसारखी तापते.

डेझर्ट कूलर आपल्या कोरड्या उन्हाळ्यात उत्तम काम करतो आणि त्याचा थोडा ओलावा या सापाला बाधत नाही. झोत मात्र पेटीवर सरळ नको. नुसत्या पंख्यावर विसंबू नका. माणसाला घाम येतो म्हणून पंखा गार वाटतो, सापाला घाम नाही, त्याच्या अंगावरून फक्त गरम हवा फिरते. वीज गेली की पाण्याची बाटली बर्फ करून, फडक्यात गुंडाळून थंड टोकाकडच्या जाळीवर आडवी ठेवा. उन्हाळाभर फ्रीजरमध्ये अशा दोन बाटल्या तयार असू द्या.

पेटी योग्य आहे की नाही हे सापाला आत सोडण्याआधी तपासता येतं, आणि हे मी प्रत्येकाला करायला लावतो. पेटी जागेवर ठेवा, माती भरा, रिकामीच दोन-तीन दिवस राहू द्या. लांब वायरचा डिजिटल थर्मामीटर घ्या. दुपारी तीन ते पाचच्या मध्ये चार ठिकाणी तापमान घ्या: उबदार टोकाला वर, तिथेच हातभर नाही पण चार बोटं खाली, थंड टोकाला वर, आणि थंड टोकाला तळाशी. थंड टोकाचा तळ ३० च्या आत राहिला तर निश्चिंत राहा. ३२-३३ पर्यंत काही तास गेला तर साप सोसेल, पण खोलीचा बंदोबस्त वाढवा. ३५ दाखवत असेल तर ती जागा बाद, पेटी कितीही सुंदर असो.

यावरून मातीच्या खोलीचं महत्त्व लक्षात येईल. सरासरी कमीत कमी १० सें.मी. थर हवा. मी सपाट भरत नाही. उबदार टोकाला आठ सेंटीमीटर आणि तिथून चढवत थंड टोकाला पंधरापर्यंत नेतो. जाड थर हळू तापतो आणि हळू निवतो, त्यामुळे दुपारी तिथे गारवा टिकतो आणि पौषातल्या रात्री थोडी ऊबही टिकते. बाजारातल्या पुढून उघडणाऱ्या तयार पेट्यांत एक अडचण येते. सरकत्या काचेखालची पट्टी सात-आठ सेंटीमीटरचीच असते, म्हणजे माती तेवढीच भरता येते. सुताराकडून पेटी करून घेतली तर पुढे १८ सेंटीमीटरचा पक्का उंबरठा ठेवायला सांगा आणि काचेची खाच त्याच्या वर. खाचेत वाळू गेली की काच घासते, अडकते, म्हणून खाच मातीपेक्षा वरच असावी.

माती कोणती, हा आपल्याकडे नेहमी चुकणारा भाग. शेतातली काळी माती नको. ओली झाली की चिकटते, वाळली की ढेकळं होतात आणि भेगा पडतात. सापाला तिच्यात शिरता येत नाही, शिरला तर भेगेत अंग सोलवटतं. बांधकामावरची क्रश सँडही नको, तिचे कण धारदार असतात. गिलाव्यासाठी चाळलेली नदीची बारीक वाळू घ्या, पाणी नितळ येईपर्यंत धुवा, आणि पत्र्यावर पसरून कडक उन्हात दोन दिवस वाळवा. तीन भाग वाळूला दोन भाग पोयटा मिसळा. हाही चाळून, वाळवून. या मिश्रणात बोट घालून काढलं तर भोक क्षणभर टिकतं आणि मग हळूच ढासळतं. एवढाच धर हवा. नुसती वाळू असली तर बोगदा उभा राहत नाही, पोयटा फार झाला तर जमीन दगड होते. सॉ मिलचा भुसा मोफत मिळतो म्हणून आणू नका. कोणत्या लाकडाचा, त्यात कोणता चीक, काही कळत नाही, आणि धूळ श्वासात जाते.

आता वजनाचं बोलू, कारण ते कुणी सांगत नाही. ९० बाय ४५ च्या तळावर १० सें.मी. थर म्हणजे साधारण ४० लिटर माल. कोरडी वाळू लिटरला दीड किलोच्या वर भरते. म्हणजे मातीच साठ किलोच्या घरात, पेटीचं वजन वेगळं. लाकडी पेटी असेल तर तळाला १८ मि.मी.चं प्लाय आणि मध्ये आडवी पट्टी हवीच. काचेची टाकी हे वजन पेलते, ती पाण्यासाठी केलेली असते, पण खालची जागा वाकडी असली तर तडा जातो. खाली थर्माकोलची शीट अंथरा. भरल्यावर पेटी हलवता येत नाही, तेव्हा जागा आधी ठरवा, तापमान आधी मोजा, मग भरा. वजन नकोच असेल तर पोयट्याऐवजी आणि थोड्या वाळूऐवजी नर्सरीत मिळणारं कोकोपीट वापरता येतं. भिजवून फुलवा, मग पूर्ण वाळवा, धूळ चाळून काढा. ओलसर कोकोपीट या सापाला अपाय करतं.

काच की लाकूड? दोन्ही चालतं. माझी पसंती लाकडी पेटीला, कारण तीन बाजू बंद असल्या की साप शांत राहतो आणि थंडीत ऊब टिकते. आतून सनमायका लावून, सांधे सिलिकॉनने भरून, वास जाईपर्यंत दोन-तीन आठवडे उघडी ठेवायची. हवेसाठी थंड टोकाला खालच्या बाजूने, म्हणजे मातीच्या जरा वर, आणि उबदार टोकाला अगदी वर अशी भोकं पाडा. गरम हवा वरून जाते, गार खालून येते. भोकांना आतून बारीक जाळी. पिल्लू पेन्सिलीएवढं असतं आणि डोक्याने ढकलण्यात पटाईत असतं, सरकत्या दोन काचांमधली फट तीन मिलिमीटरच्या वर नको आणि काचेला छोटं कुलूप हवं. मुंग्या लागत असतील तर पेटीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. आपल्याकडे लाल मुंग्या लहान पिल्लाला जिवंत सोडत नाहीत.

हिवाळ्याकडे येऊ. जानेवारीत पारा आठ-दहावर उतरतो, तेव्हा दिवा लागतो. ९० च्या पेटीला ५० वॅटचा हॅलोजन किंवा त्याहून थोडा मोठा सिरॅमिक हीटर, वर एका टोकाला, जाळीच्या पिंजऱ्यात, आणि थर्मोस्टॅटला, म्हणजे ठरावीक तापमानाला ऊब आपोआप बंद-चालू करणाऱ्या यंत्राला, जोडलेला. थर्मोस्टॅटशिवाय कोणतंही ऊब देणारं यंत्र लावू नका, हे मी हात जोडून सांगतो. दुकानात टाकीखाली चिकटवायचा हीटिंग पॅड देतील. बिळातल्या सापाला तो उलटा पडतो. रानात ऊन वरून येतं आणि खाली जावं तसं गार होतं. पॅड लावला की खाली जावं तसं गरम होतं. गारव्यासाठी खाली गेलेला साप तापलेल्या काचेवर पोट टेकून पडतो आणि भाजतो. त्याला उबेचं बरंवाईट चटकन समजत नाही. शिवाय वर दहा सेंटीमीटर माती असल्याने ती ऊब पृष्ठभागापर्यंत येत नाही, मालक पाहतो तर वर गारच, म्हणून पॅड आणखी वाढवतो. थर्मोस्टॅटचा सेन्सर पक्का बांधा. साप तो उकरून बाजूला ढकलतो, किंवा पाण्याची वाटी त्यावर सांडते, आणि यंत्राला वाटतं थंडी आहे.

फाल्गुन सरता सरता दिवा काढून ठेवा, पावसाळ्यापर्यंत त्याची गरज नाही. आषाढ-श्रावणात मात्र दमटपणा वाढतो, माती हाताला ओलसर लागते. तेव्हा दिवसा काही तास मंद दिवा लावून थर कोरडा ठेवा, नाहीतर पोटाचे खवले सडतात आणि श्वासाला घरघर येते. घरघर ऐकू आली तर उशीर न करता प्राण्यांच्या डॉक्टरांकडे न्या.

आता व्हिडिओतल्या भीतीबद्दल. मोठ्या पेटीत पिल्लू खात नाही, हे अनेकांनी खरोखर पाहिलेलं आहे, खोटं नाही. पण कारण मोठेपणाचं नसतं, उघडेपणाचं असतं. तीन फुटी काचेच्या टाकीत दोन सेंटीमीटर वाळू आणि मध्ये एक प्लॅस्टिकचं झाड, अशा जागेत वीतभर पिल्लू कुठे लपणार? तेच पिल्लू दहा सेंटीमीटर मातीत, वर सालींचे, कौलाचे, मडक्याच्या खापरीचे चार-पाच आडोसे दिले, मागची आणि बाजूची काच बाहेरून कागदाने झाकली, तर पहिल्याच आठवड्यात सावरतं. आणल्यावर निदान सात-आठ दिवस हात लावू नका, खायला देऊ नका. मग संध्याकाळी, दिवे मंद करून, जिथे नाक दिसतंय तिथेच गोठवून ठेवलेलं आणि मग वितळवलेलं उंदराचं पिल्लू चिमट्याने पुढे धरा. ते कोरडं पुसलेलं असावं आणि खाली तेवढ्यापुरती एक फरशी असावी, म्हणजे वाळू तोंडात जात नाही. खाण्यासाठी वेगळ्या डब्यात हलवायची पद्धत मला पटत नाही. हलवल्याने पिल्लू बिथरतं आणि खाल्ल्यावर उचललं तर ओकतं.

‘तो दिवसभर एकाच जागी असतो, मोठी जागा वाया जाते’ असंही तुम्हाला कुणी म्हणेल. रात्री झोपण्याआधी मातीचा वरचा थर पट्टीने सपाट करा आणि सकाळी बघा. वाटा दिसतील, कुठे वर आला, कुठे परत बुडाला, पाण्यापाशी गेला का. पहिल्यांदा बघणाऱ्याला आश्चर्य वाटतं इतकं तो फिरतो. या वाटा रोज वाचत जा. थंड टोकालाच वाटा असतील तर उबदार टोक जास्त तापतंय. फक्त उबेपाशीच असतील तर बाकी पेटी गार पडली आहे. भिंतीला लागून रात्र रात्र फेऱ्या आणि नाकावर खरचटलेलं दिसलं तर त्याला काहीतरी खुपतंय, बहुतेक वेळा तापमान किंवा भूक. मोठ्या नराच्या बाबतीत विणीचा हंगामही असतो. पेटी लहान पडते का, याचंही उत्तर इथेच मिळतं.

आत मांडताना एक नियम जिवावरचा आहे. दगड, फरशी, जड पाण्याचं भांडं यांपैकी काहीही वाळूवर ठेवू नका. साप खालून उकरतो, वजन खचतं आणि साप दबतो. दगड ठेवायचाच तर आधी तळावर टेकवा, मग भोवती माती भरा. आडोसे हलके ठेवा. पाण्याची वाटी लहान, थंड टोकाला, आणि तिच्याखाली तळापर्यंत जाणारा विटेचा तुकडा. आणि एका पेटीत एकच साप. मुलगा पुढे जोडी करायची म्हणेल, तेव्हा दुसऱ्या पेटीची जागा आणि वन विभागाकडची नोंद या दोन्हींची तयारी आधी असू द्या.

दुकानदाराची दीड फुटी टाकी तुम्ही पैसे देऊन आणलीच असेल तर परत करायला जाऊ नका. तिच्यात कागद अंथरा, एक आडोसा आणि पाण्याची वाटी ठेवा. मोठी पेटी तयार होऊन तिचं तापमान मोजून होईपर्यंत पिल्लू तळमजल्यावरच्या गार खोलीत त्यात राहू शकेल. पुढेही माती बदलताना, कात अडकली तर, किंवा आजारपणात विष्ठेवर नजर ठेवायची असेल तेव्हा ती उपयोगी पडते. त्याहून जास्त काळ तिच्यात ठेवू नका. पेटीचं थंड टोक दुपारी किती दाखवतं ते मोजून मला कळवा, खोलीचा फोटोही पाठवा. पिल्लू आत सोडायचं की अजून थांबायचं ते त्यावरून सांगतो.